"हप्ता लेट झाला म्हणून साइट बंद केली" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, साइट आणि मेल बंद राहिल्यामुळे तुमची अडचण झाली त्याबद्दल मनापासून सॉरी. एक स्टार देणं तुमचा हक्क आहे, पण "दोन दिवस उशीर झाला तर न सांगता साइट बंद केली, चार दिवस डोमेन अडकवून ठेवलं, लुटारू लोक" असं जे लिहिलंय त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही, कारण नवीन गिऱ्हाईक सगळ्यात आधी हेच वाचतं आणि आमचं पोट यावरच आहे.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तुम्ही आमच्याकडून हप्त्यांवर घेतलंय आणि हप्त्याची तारीख 5. त्यापुढे 10 दिवसांची सवलत अ‍ॅग्रीमेंटमध्येच आहे आणि ती संपली की नेमसर्व्हर (त्या नावाची साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारे सर्व्हर) आमच्याकडे परत येणार हेही त्याच पानावर, तुमच्या सहीच्या अगदी वर. म्हणजे तुमचे ते "दोन दिवस" सवलत संपल्यानंतरचे आहेत. मधल्या काळात मेल गेले, मेसेज गेले, शेवटच्या मेसेजवर तुमचा अंगठा पण आला, मग "न सांगता" कसं हो? आधीचे हप्तेही उशिराच आले होते, तेव्हा लेट फी सोडा, एक शब्द बोललो नाही.

आता चार दिवसांचं. शुक्रवारी रात्री तुम्ही जो स्क्रीनशॉट पाठवला त्यावर "प्रोसेसिंग" लिहिलेलं होतं, पैसे खात्यात आले सोमवारी दुपारी, आणि तासाभरात मी स्वतः बसून तुमचे नेमसर्व्हर परत टाकले. पुढचं माझ्या हातात नसतं. डॉट कॉमची नेमसर्व्हरची जुनी नोंद इंटरनेट कंपन्यांचे सर्व्हर 48 तासांपर्यंत धरून ठेवू शकतात, म्हणून कुणाला साइट लगेच दिसते, कुणाला दोन दिवसांनी. मोबाइल डेटावर उघडतेय, ऑफिसच्या वायफायवर नाही, हे तुम्हीच फोनवर सांगितलं होतंत. ते सगळे दिवस माझ्या नावावर कसे काय टाकले?

"अडकवून ठेवलं" हे तर फार लागलं. शेवटचा हप्ता येईपर्यंत डोमेन आमच्या खात्यात राहणार आणि वापर तुमचा, हाच तर व्यवहार होता. एकदा ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवायचा पासवर्ड) दिला आणि डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे गेलं की बाकीच्या पैशांसाठी आमच्या हातात काहीच उरत नाही. आणि सर, तुमचा हप्ता थकलेला असतानाच रिन्यूअलची तारीख आली होती, ते पैसे मी माझ्या खिशातून भरले. नसते भरले तर आधी ग्रेस (रिन्यूअलची सवलत), मग 30 दिवस रिडेम्प्शन (जादा पैसे भरून नाव सोडवायची मुदत), मग 5 दिवस पेंडिंग डिलीट (नाव कायमचं पुसलं जाण्याआधीचे दिवस), आणि त्यानंतर ते नाव कुणीही उचललं असतं. लुटायचंच असतं तर अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे व्यवहार रद्द करून, भरलेले हप्ते ठेवून दुसऱ्याला विकता आलं असतं. ते केलं नाही.

नेमसर्व्हर बदलले की एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरवर पोचवायचे ती नोंद) पण जातात आणि मेल थांबतात, तो त्रास खरा आहे. त्यासाठी वेगळं काही करता येतं का बघतोय, आणि यापुढे हात लावायच्या आधी एक फोन पण करत जाऊ.

उरलेले हप्ते आले की त्याच दिवशी ऑथ कोड तुमच्याकडे. स्टार तसाच राहू द्या हवं तर, फक्त रिव्ह्यूमधलं ते "न सांगता" तेवढं काढा, एवढी विनंती आहे.