अण्णांचं तिकीट आणि मास्तरांचा दोरा

सुरुवात अण्णांच्या तिकिटावरून झाली. लेकीच्या बाळंतपणाला अण्णा आणि काकू जूनमध्ये न्यूयॉर्कला निघालेत. विमान मुंबईहून रात्री 2 ला सुटणार, तिकडे त्याच दिवशी सकाळी 8:30 ला उतरणार.

"साडेसहा तास?" पप्याने चहा खाली ठेवला. "आमची गावची एसटी याहून जास्त खाते!"

"तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागे असतं रे," मास्तर म्हणाले. "म्हणजे झाले सोळा. हिवाळ्यात तर साडेदहा तास मागे."

पप्या गप्प बसेल तर तो पप्या कसला. "पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना? मग विमान वर गेलं की अमेरिकाच आपल्याकडे सरकत येणार. जाताना वेळ कमी लागायला पाहिजे."

"चालत्या लोकलमध्ये उडी मारलीस तर मागच्या डब्यात पडतोस का?"

सगळे हसले. (पप्याने एकदा खरंच मारून पाहिली असणार, अशी माझी शंका आहे.) उलट येतानाच दीड-दोन तास वाचतात, कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. फेब्रुवारी 2020 मध्ये तर वादळामुळे या वाऱ्याला असा काही जोर चढला, की एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं.

अण्णांना मात्र खिडकीतून काय दिसणार याची काळजी. "अरबस्तान, इजिप्त, मग समुद्र. काय बघायचं?" नकाशावर पट्टी ठेवली तर रस्ता तसाच दिसतो खरा.

मास्तर घरी जाऊन नातवाचा पृथ्वीगोल घेऊन आले. टपरीवाल्याने पुडीचा दोरा तोडून दिला. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि मध्ये ताणून धरला. दोरा इजिप्तच्या वाटेला गेलाच नाही! पाकिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, आणि थेट आइसलंडवरून पलीकडे उतरला. हा रस्ता साडेबारा हजार किलोमीटरचा. नकाशावरचा 'सरळ' रस्ता भरतो जवळपास 14,200.

"मग विमानं दोऱ्यानेच जात असणार," अण्णा खूश.

इथे मी तोंड घातलं. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. आधीचा रस्ता 13,900 किलोमीटरचा, नवा 15,300 चा. तरी वारा पाठीशी, म्हणून साडेचौदा तासांत पोचायचं, पूर्वीपेक्षा लवकर.

"लांबून जाऊन लवकर? रिक्षावाल्याला सांगू नकोस हे," पप्या म्हणाला.

मास्तरांनी जाता जाता अण्णांना विचारलं, "विमान आपलं की परदेशी?"

"आपलं."

"मग पाकिस्तानवरून नाही जाणार. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी आपल्या विमानांना आकाश बंद केलंय." त्यांनी मस्कतवर बोट दाबून दोरा तिथून वळवला आणि पुन्हा ताणला. टोक न्यूयॉर्कच्या नखभर अलीकडेच राहिलं.

अण्णा त्या नखभर जागेकडे बघत बसले. "हे तुमच्या काकूंना सांगू नका," म्हणाले, "डब्यात अजून चार थालीपीठं भरेल."