आडनाव विचारून इतिहास ऐकायचा का?

काल संध्याकाळपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

आमच्या आगरी गावठाणात (नवी मुंबईतलं कुठलं ते लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील) काल चरीच्या शेतकरी संपावर व्याख्यान होतं. कॉलेजात इतिहास शिकवणारी एक तरुण बाई ठाण्याहून लोकलने आली होती. हातात कागदांनी फुगलेली फाइल. खोत, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारे जमीनदार, कुळांकडून काय काय वसूल करायचे ते सांगत होती. दहा मिनिटं झाली असतील, मागून एक जण उठला. "मॅडम, तुमचं आडनाव खोतांचं. तुम्ही आम्हाला खोती शिकवणार?"

टाळ्या पडल्या. टाळ्या! तिने फाइल मिटली आणि जागेवर जाऊन बसली. त्या फाइलमध्ये काय होतं ते कुणी बघितलंसुद्धा नाही.

मग आपलाच एक पुढारी उठला. चरी पनवेलजवळ आहे आणि संप दोन वर्षं चालला, असं ठोकून दिलं. अरे, चरी अलिबागजवळ! संप 1933 ते 1939, सहा वर्षं! सहा वर्षं खोताच्या जमिनीत नांगर घातला नाही लोकांनी. लाकडं विकली, अर्धपोटी राहिले, पण हटले नाहीत. त्यातली चार वर्षं या माणसाने एका वाक्यात खाऊन टाकली आणि कुणी हूं की चूं केलं नाही. का? आडनाव आपलं म्हणून.

मला रात्रभर आमचे इतिहासाचे सर आठवत होते.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. सर लातूरकडचे, मुसलमान. खाजण (खाडीकाठची खारी जमीन) म्हणजे काय, उघडी (खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार) म्हणजे काय, त्यांना काही ठाऊक नव्हतं. वर्गात उरणजवळच्या जासईचा विषय निघाला. जानेवारी 1984, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या भावासाठीचं आंदोलन, गोळीबार, पाच हुतात्मे. मी म्हटलं, माझी आजी होती तिथे. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर सर आमच्या ओट्यावर हजर. पायातल्या चपला बाहेर, मांडीवर वही.

आजी बोलत होती, सर लिहीत होते. शेवटी त्यांनी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यांनी 'लोक पळाले' असं लिहिलं होतं. आजी उसळली. "पललो नय रं बाला! आमी बाया बसून रेलो." सरांनी ती ओळ खोडली. तिच्यासमोर खोडली, नवीन लिहिली आणि विचारलं, "आता बरोबर आहे का, आजी?"

आजवर तिला असं कुणी विचारलं नव्हतं. आमच्यातल्यांनीही नाही.

आता मला सांगा, सरांचं आडनाव बघून आजीने दार लावून घ्यायला हवं होतं का? 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल आणलं ते बाबासाहेबांनी. ते आगरी होते? चरीचा संप चालवणाऱ्या नारायण नागू पाटलांनी त्यांना विचारलं का, तुम्ही आमचे कोण? गेल ऑम्व्हेट अमेरिकेत जन्मल्या, इथल्या ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी केली, कासेगावात घर केलं आणि 2021 मध्ये तिथेच गेल्या. सोन्थायमर जर्मन, धनगरांमागे हिंडून त्यांच्या ओव्या गोळा केल्या त्यांनी. यांनाही खाली बसवा मग!

हो, मान्य आहे. आमच्याबद्दल बाहेरच्यांनी आम्हाला न विचारता पुष्कळ लिहिलं. या शहराच्या कौतुकात आम्ही उरलो ते 'प्रकल्पग्रस्त' आणि 'साडेबारा टक्के' (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळायचा तो हिस्सा) एवढेच. तो मागून उठलेला मुलगा चिडला, ती चीड खोटी नाही. मलाही येते. आणि आपल्या पोरींनी इतिहासात पीएचडी करून त्या स्टेजवर उभं राहावं, हे तर मला कुणाहीपेक्षा जास्त हवंय. पण त्यासाठी आलेल्या बाईला गप्प करायचं?

सर आजीला विचारायला आले होते. काल आपण त्या बाईला विचारूच दिलं नाही. तिने कुठे चुकीचं सांगितलं असतं तर आपल्या म्हाताऱ्यांनी आजीसारखं तिला अडवलं असतं, "नय रं" म्हटलं असतं. समोर चौघे-पाच जण ऐंशीच्या पुढचे बसले होते. त्यांनाही बोलायला मिळालं नाही.

आणि मी? तिसऱ्या रांगेत होते. उठले नाही. लिहिताना हात थरथरतोय, कारण आजी असती तर ती उठली असती.

आज सकाळी सरांना लातूरला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग एकच विचारलं, "त्या बाईंनी कागद कुठले आणले होते?" मला सांगता आलं नाही.

दुपारी तिचा नंबर मिळवला, माफी मागितली. येत्या रविवारी चार वाजता ती फाइल घेऊन आमच्या ओट्यावर येतेय. गावातल्या म्हाताऱ्यांना मी घरोघरी जाऊन सांगतेय. तो मागून उठलेला मुलगा माझ्या मावसबहिणीचा. त्यालाही सांगितलंय, ये, आणि पुढे बस.