‘घरचं आहे, कितीही खा’ या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॅलरी मोजणं हे परदेशी खूळ आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी कधी मोजलं नाही, तरी ते ठणठणीत राहिले. ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी कितीही खाल्ली तरी चरबी वाढत नाही. सगळ्या कॅलरी सारख्या नसतात, आकडेही चुकतात, त्यामुळे मोजून उपयोग नाही. आठवड्यातून एक उपवास धरला की झालं. वजन, शुगर, बीपी यांच्याशी झगडणारी माणसं हा मेसेज मनावर घेतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी भाकरी आणि चटणीचं पाहू, कारण आपला सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. ज्वारी उत्तम धान्य आहे, तिच्यात तंतू भरपूर आहेत. पण ऊर्जेच्या बाबतीत ज्वारीचं आणि गव्हाचं पीठ जवळपास सारखंच, 100 ग्रॅमला साधारण 320 ते 350 कॅलरी. म्हणजे 60 ग्रॅम पिठाची एक भाकरी सुमारे 200 कॅलरींची. कडक भाकरी हाताला हलकी लागते, कारण तिच्यातलं पाणी उडालेलं असतं. पीठ तेवढंच, म्हणून कॅलरीही तेवढ्याच. शिवाय ती पापडासारखी येता-जाता मोडून खाल्ली जाते आणि किती झाल्या ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

शेंगदाण्यात 100 ग्रॅमला सव्वापाचशे ते साडेपाचशे कॅलरी असतात, कारण त्याचं जवळपास निम्मं वजन तेलाचं. एक ग्रॅम कार्बोदकांतून (पिष्ट, साखर) किंवा प्रथिनांतून 4 कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून 9. अख्खे दाणे खाल्ले तर त्यातलं काही तेल न पचताच बाहेर जातं. पण आपली चटणी तेल सुटेपर्यंत कुटलेली असते, म्हणून ते तेल अंगात जास्त उतरतं. 40 ग्रॅम चटणी, म्हणजे भरलेले अडीच-तीन मोठे चमचे, एका भाकरीएवढी होते. वर मोठा चमचाभर तेल ओतलं की आणखी 120. चटणी सोडा असं मी मुळीच म्हणत नाही, तिच्यात प्रथिनं चांगली आहेत. पण तिला तोंडी लावणं समजून हिशेबाबाहेर ठेवायचं आणि मग ‘मी दोनच भाकऱ्या खातो, तरी वजन वाढतं’ म्हणायचं, हे बरोबर नाही. 1992 साली अमेरिकेत अशाच तक्रारीच्या दहा लठ्ठ माणसांचं खाणं तपासलं गेलं. ती प्रत्यक्ष खाण्यापेक्षा जवळपास निम्मं कमी सांगत होती. ती खोटारडी नव्हती. अंदाज असाच चुकतो.

आता आजोबा. ते गिरणीत उभ्याने पाळी करत, शेतात राबत, चालत घरी येत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींत अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्या पुरुषाची रोजची गरज 3470 कॅलरी आहे, बैठं काम करणाऱ्याची 2110. हा फरक जवळपास सात भाकऱ्यांचा आहे! आजोबांना मोजावं लागलं नाही, कारण त्यांचं काम ते जिरवत होतं आणि ताटात जास्तीचं फारसं येतही नव्हतं. सोलापूरच्या पूर्व भागात सूप पुढ्यात घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईचे कष्ट मोठे आहेत, पण ते बोटांचे, मानेचे, पाठीचे. शरीर तिथे शेतातल्याइतकी ऊर्जा खर्च करत नाही. बैठं काम करणाऱ्या बाईसाठी शिफारस 1660 कॅलरींची आहे.

‘परदेशी खूळ’ या मुद्द्यावर फार थांबायला नको. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था कित्येक दशकं भारतीय धान्यं, डाळी, भाज्या तपासून तक्ते करते आहे. त्यात आपली ज्वारीही आहे.

सगळ्या कॅलरी सारख्या नसतात, हे मात्र अर्धं खरं आहे. डाळ-उसळीने पोट जसं भरतं तसं बिस्किटांनी भरत नाही. 2019 मध्ये अमेरिकेत वीस जणांवर झालेल्या प्रयोगात कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं खाणं समोर असताना लोक रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते आणि त्यांचं वजन वाढलं. खाण्याचा दर्जा महत्त्वाचा आहे, हे कळलं तेही कॅलरी मोजल्यामुळेच.

उपवासाचं म्हणाल तर एकादशीची साबुदाणा खिचडी घ्या. 75 ग्रॅम साबुदाणा, 25 ग्रॅम दाण्याचं कूट, मोठा चमचाभर तूप: एका बशीत पाचशेच्या वर कॅलरी गेल्या, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. ती दोनदा खाल्ली की उपवासाच्या दिवशीही हजाराच्या वर कॅलरी होतात. श्रद्धेने उपवास जरूर करा, वजनासाठी त्याच्यावर विसंबू नका. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका. शुगर एकदम उतरणं जिवावर बेतू शकतं.

आकडे चुकतात, मान्य. पण तीच वाटी, तोच चमचा रोज वापरला तर चूकही रोज तेवढीच राहते, आणि या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करता येते. ॲपसुद्धा लागत नाही. महिन्याचं तेल घरातल्या माणसांत भागून पाहा. चौघांना महिन्याला पाच लिटर लागत असेल तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम, म्हणजे 340 कॅलरी निव्वळ तेलाच्या. दोन-तीन आठवडे पीठ, तेल आणि दाणे एवढंच मोजलं तरी आपल्या घरी जास्तीचं कुठून येतं ते दिसतं. मग रोज वजनकाटा काढायची गरज उरत नाही.

मोजणं सगळ्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. वाढत्या वयाची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, आजारातून उठलेली माणसं यांनी स्वतःच्या मनाने कॅलरी कापू नयेत. आणि ज्या मुलीला आकड्याच्या भीतीने घास गिळवेनासा झालाय, तिच्या हातातून तो हिशेब आधी काढून घ्या आणि तिला डॉक्टरांकडे न्या.