'खरखर ऐकण्यात कसला आनंद?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या रेडिओच्या दिवसांवरच्या माझ्या लेखाला दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. 'काका, बाहेर या त्या खोक्यातून' ही सुरुवात नसती तरी चाललं असतं. आपली ओळखदेख नाही आणि माझं वय तुम्ही एका लेखावरून ठरवून मोकळे झालात, कमाल आहे.

विविधभारतीवरच्या 'हवामहल'मधल्या काही नाटिका आज ऐकवत नाहीत, हे तुमचं म्हणणं मान्य. तेव्हाही त्या ओढूनताणूनच हसवायच्या. पॉडकास्टशी तुलना आणि 'टीव्ही नव्हता म्हणून ऐकायचे, झालं' हा शेरा, यांवर वेळ घालवत नाही.

पण 'सिलोनची खरखर ऐकण्यात कसला डोंबलाचा आनंद?' हे वाक्य सोडवत नाही. (डोंबल तुमचं. सिलोन म्हणजे कोलंबोहून शॉर्टवेव्हवर लागणारं रेडिओ सिलोन.)

आमच्याकडे वडिलांनी हप्त्याने घेतलेला व्हॉल्व्हचा रेडिओसेट होता. बटण फिरवलं की आधी काहीच नाही, मग हिरवा डोळा हळूहळू उजळायचा, मग आवाज. छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल. बुधवारी रात्री आठला, सिनेगीतांची क्रमवारी सांगणाऱ्या बिनाका गीतमालेसाठी, काटा सिलोनवर बसवायचं काम माझ्याकडे. केसभर सरकला की भलतंच स्टेशन घुसायचं. शॉर्टवेव्हचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून येतो आणि तो थर काही स्थिर नसतो. त्यामुळे निवेदक अमीन सायानी 'बहनों और भाइयों' म्हणत पायदान, म्हणजे गाण्याचा क्रमांक, सांगायला लागले की नेमका आवाज बुडायचा. सातवं की आठवं, यावरून घरात जुंपायची. ताई वहीत एक आकडा लिहायची, मी दुसरा. तुमच्या त्या स्वच्छ आवाजात असं कान टवकारून कोण ऐकतं, सांगा बरं?

आणि ही खरखर लोकांनी हौसेने पत्करली नव्हती. १९५२ साली माहिती-नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर, आपल्या पुण्याचेच, त्यांना सिनेसंगीत सवंग वाटायचं. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी डिसेंबरात सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत, फीत विमानाने कोलंबोला, आणि तिथून समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईच्याच चाळीत! जवळच्या केंद्राचा खणखणीत आवाज सोडून लोक ते ऐकत होते. शेवटी १९५७ मध्ये सरकारला सिनेगीतं वाजवणारी विविधभारती काढावी लागली. एवढी माणसं काय बहिरी होती?

निखळ आवाजच हवा असेल तर आकाशवाणी मुंबई केंद्राची 'पुन्हा प्रपंच' ही कौटुंबिक श्रुतिका मिळवून ऐका. बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी. तिथे ना खरखर, ना पार्श्वसंगीताचा भडिमार. अर्थात, ऐकण्याआधीच मत तयार असेल तर माझा नाइलाज आहे.

तुमची प्रतिक्रिया उडवत नाही, राहू द्या तिथेच. पुढची लिहिण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती. गीतमालेवरचा भाग निम्म्यानंतर आहे.