जावईबापू, सूप घेऊ नका

अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पंच्याहत्तरी कुठे साजरी करायची यावर घरात तीन दिवस खल झाला. चौथ्या दिवशी पेपरातून एक पत्रक पडलं आणि निकाल लागला. 'अनलिमिटेड नॉर्थ इंडियन बुफे, माणशी 399 फक्त.' 'फक्त'च्या डोक्यावर एक चांदणी होती आणि तिचा खुलासा तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होता. अप्पांची सगळी नोकरी ट्रेझरीत गेली. त्यांनी भिंग मागवलं.

"कर वेगळा. 5 टक्के जीएसटी धरून 418 रुपये 95 पैसे. म्हणजे माणशी 419 रुपये पोटात गेले पाहिजेत. काय जावईबापू?"

मी मान डोलावली. लग्नाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत त्यांच्यापुढे मी याखेरीज फारसं काही केलेलं नाही.

रविवारी सकाळपासून घरात कडक उपास. बरं, उपासाला निदान साबुदाणा तरी असतो. इथे चहाबरोबरचं बिस्कीटसुद्धा डब्यात परत गेलं. मुलाने अकरा वाजता केळं मागितलं, तर "केळं बारा महिने मिळतं" असं उत्तर मिळालं. साडेबाराला आम्ही हॉटेलच्या दारात उभे राहिलो तेव्हा मला नुसत्या तडक्याच्या वासाने गरगरत होतं. आजूबाजूला आमच्यासारखीच आठदहा कुटुंबं होती, सगळ्यांच्या डोळ्यांत तीच चमक. लग्नाच्या पंगतीत जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून तो कधी उठतोय हे बघणारे लोक असतात ना, तशी.

काउंटरवर मुलाचं वय विचारलं. पाचच्या आत फुकट, पाच ते दहा अर्धे पैसे. अप्पांनी तोंड उघडायच्या आत चिरंजीव म्हणाले, "सव्वासहा." शाळेत हाच मुलगा विचारल्याशिवाय एक शब्द बोलत नाही.

टेबल मिळालं ते बेसिनला लागून. बसल्या बसल्या वेटरने सूपचे बाऊल मांडायला घेतले आणि अप्पांनी ताटावर हात आडवा धरतात तसा बाऊलवर धरला.

"जावईबापू, सूप घेऊ नका. सूप म्हणजे पाणी. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला 20 मिनिटं लागतात, आरोग्य पुरवणीत वाचलंय मी. जे काय करायचं ते या वीस मिनिटांत."

ही आरोग्य पुरवणी बहुधा हॉटेलवाल्यांच्या घरीही येत असावी. कारण पहिल्या दहा मिनिटांत माणशी एक हराभरा कबाब आला, तोही चिमट्याने मोजून. सासूबाईंनी तो मोडून बघितला. पालक, मटार, बटाटा. "ही तर आपली कालची भाजीच की," त्या म्हणाल्या. पनीर टिक्क्याचा वेटर लांबवर, खिडकीजवळच्या टेबलांपाशीच घुटमळत होता. अप्पांनी आपलं ठेवणीतलं हिंदी काढलं.

"भैया, वो पनीरवाला इधर कब वळेगा?"

"दो मिनट, सर."

त्या दोन मिनिटांत आम्ही मसाला पापड, काकडी, बीट आणि बांगडीसारखा चिरलेला कांदा एवढं सगळं, म्हणजे जगातल्या स्वस्त वस्तू, खाऊन टाकल्या. टिक्का आला तेव्हा वर्दी पोचलेली होती.

मग मुख्य जेवण. बुफेच्या रांगेत उभं राहायला माझी हरकत नाही, माझी हरकत हातांच्या संख्येला आहे. झाकण उचलायला एक हात, डाव धरायला एक, ताट सांभाळायला एक. देवाने माणसाला दोन हात दिले ते बुफे निघण्याआधी. मी कोपराने झाकण तोलून धरलं आणि पनीर बटर मसाल्यात डाव घातला. पनीर नव्हतं. माझ्या पुढच्या गृहस्थांनी डाव उपडा करून, कडेकडेने, तळ ढवळून एकेक तुकडा वर काढला होता. विहिरीत पडलेली कळशी गळाने काढतात तेवढं कौशल्य होतं त्यात. माझ्या वाट्याला निखळ बटर मसाला आला.

शेजारच्या डब्यात दाल मखनी होती. आता या डाळीचा मान काय वर्णावा? ती आणि बटर चिकन नेमकं कुणी शोधलं यावरून 2024 साली मोती महल आणि दर्यागंज ही दोन उपाहारगृहं दिल्ली उच्च न्यायालयात गेली. इथे तीच डाळ कडेने साय धरून बसली होती आणि कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. खरं सांगायचं तर सगळ्यात चांगली तीच होती. पण उडदाची डाळ खाऊन 419 रुपये कसे वसूल व्हायचे?

आपल्या ताटाला एक शिस्त असते. वर मीठ, लिंबू. डावीकडे चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटीला वाटी. कुणी कुणाच्या हद्दीत शिरत नाही. बुफेच्या ताटात फाळणी झालेली असते. मी टेबलापाशी पोचेपर्यंत छोल्यांचा रस्सा रायत्यात शिरला होता, कढी पकोड्याची कढी जिरा राईसच्या खालून पलीकडे निघाली होती, आणि "परत रांग कोण लावणार" म्हणून आधीच घेतलेल्या गुलाबजामाचा पाक नानच्या चतकोरात मुरत होता. पाकातला नान वाईट लागत नाही, हे आपलं जाता जाता.

अप्पांचा रस्सा तर ताटाबाहेर निघाला होता. त्यांनी वेटरला थांबवलं.

"भैया, एक वाटी देना."

"वाटी?"

"वाटी, वाटी! छोटा, गोल... पातळ पदार्थ के लिए!"

वेटर हुशार. तो लगबगीने गेला आणि पाच फिंगर बाऊल घेऊन आला. कोमट पाणी, वर लिंबाची फोड. अप्पांनी आवाज खाली आणला. "कळलं का, जावईबापू? उठा म्हणतायत. आपला वेग बघून घाबरले."

एवढ्यात बायकोने एक नान आणि थोडी डाळ खाऊन हात पुसले. "झालं माझं."

"अगं, झालं काय? फार तर नव्वद रुपयांचं खाल्लंस!"

"अप्पा, पोट माझं आहे."

अप्पा क्षणभर गप्प झाले. मग हिशेब माझ्याकडे वळला. "मुलीची तूट जावयाने भरून काढायची, दुसरं काय." त्यांनी माझ्या ताटात गाजर हलवा ठेवला. मग फिरनी. मग पुन्हा हलवा, "मघाचा चिरंजीवांच्या खाती धरा". मी पट्टा एक भोक सैल केला. पाठोपाठ दुसरं. तिसरं भोकच नव्हतं.

सासूबाई मात्र कुठे दिसेनात. आल्या तेव्हा त्यांच्या ताटात पांढरा भात, दही, मीठ आणि लोणच्याची फोड. तेवीस पदार्थ ओलांडून त्यांनी हे शोधलं होतं. खुर्चीत बसून त्यांनी तो भात पाच बोटांनी, सावकाश, पार लोण्यासारखा कालवला.

"दहीभात?" अप्पांचा आवाज चिरकला. "419 रुपयांत दहीभात?"

सासूबाईंनी उत्तर दिलं नाही. घास घेतला. अप्पा त्या घासाकडे बघत राहिले. मग सूपचा चमचा उचलला, "मीठ बरोबर आहे का बघतो" म्हणाले, आणि ताट आपल्या बाजूला ओढलं. मी दुसरीकडे बघितलं. मोठ्या माणसांना काही प्रसंगी एकटं सोडावं.

बिल आलं तेव्हा अप्पांनी खिशातून एक कात्रण काढलं. उपाहारगृहांनी सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं, त्या बातमीचं. घड्यांवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं. या भांडणाची तयारी त्यांनी आठवडाभर केली होती, हिंदीतसुद्धा. त्यांनी बिल वाचलं. उलटं करून मागची बाजू बघितली. पुन्हा वाचलं.

"भैया, इसमें सर्व्हिस चार्ज किधर है?"

"नहीं लगाया, सर. वो तो आपकी मर्ज़ी."

वाढदिवसाच्या दिवशी कुणाचा चेहरा इतका पडलेला मी बघितला नव्हता. कात्रणाची घडी झाली. थोडा वेळ गेला. मग अप्पांनी पाकिटातून पन्नासची नोट काढली, माझी नजर चुकवून बिलाच्या फोल्डरमध्ये सरकवली आणि उठले.

दाराशी बडीशेप आणि खडीसाखर ठेवली होती. अप्पा थांबले. दोन चमचे तोंडात टाकले. तिसरा, चौथा आणि पाचवा पेपर नॅपकिनवर घेतला, औषधाची बांधतात तशी चौकोनी पुडी बांधली आणि खिशात ठेवली, कात्रणाशेजारी.

"पन्नास वसूल," ते म्हणाले. "चला, जावईबापू."