माहूरची रेणुका तरी मराठीत बोलू द्या

महावतार नरसिंह हा अ‍ॅनिमेशनचा पिक्चर जुलै २०२५ मधे आला, पण आमच्या परभणीच्या मित्रांच्या ग्रुपवर त्यावरनं भांडण अजून चालूच आहे. एक गट म्हणतो लेकरांना हाताला धरून दाखवावा असा पिक्चर, दुसरा म्हणतो अ‍ॅनिमेशन जपानी लोकांच्या जवळपासही नाही, नुसत्या भक्तीवर चालला. जगभरात ३०० कोटींच्या वर धंदा झाला म्हणल्यावर दोन्हीकडं जोर. मला आवडला, खांब फुटल्यानंतरची मारामारी जरा लांबली एवढंच. पण इथं नेदरलँड्समधे आइंडहोवनला बसून मला दुसरंच खटकतंय.

पिक्चर हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळममधे आला. मराठीत नाही. माझी पोरगी ८ वर्षांची, घरी मराठी, शाळेत डच, हिंदी अजिबात नाही. नेटफ्लिक्सवर लावला न् सारखं पॉज करून मी सांगत बसलो, शेवटी नरसिंह हिरण्यकश्यपूला उंबरठ्यावर घेऊन बसतो तिथं तिनंच रिमोट ओढला, "बाबा थांब, इथंच कामून मारतो ते आधी सांग". मग वरदान सांगितलं, ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, ना शस्त्रानं, तर तिनं एकेक अट बोटावर मोजून ताडून बघितली आणि मगच पुढं लावू दिला.

ग्रुपवर उत्तर आलं, हिंदी सगळ्यांनाच कळते, मराठीत कोण बघणार. कबूल, आपल्या मराठवाड्यात तर निजामाच्या काळात आजोबांच्या शाळाच उर्दूत, हिंदी परकी वाटतच नाही. पण नेदरलँड्सची लोकसंख्या १.८ कोटीच्या आसपास, मोठ्यांचे इंग्रजी पिक्चर इथं सबटायटलवर भागवतात पण लेकरांचे डच आवाजातच लागतात, कारण लहान लेकराला भराभर वाचता येत नाही. आपण मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेतच ८ कोटींच्या वर होतो!

आणि गोष्ट आपल्याच घरातली. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीला रेल्वे स्टेशनच्या नावातसुद्धा नृसिंह आहे. वेरूळच्या १५ नंबरच्या लेणीत तर हिरण्यकश्यपू अजून ढाल-तलवार घेऊन उभाच आहे न् नरसिंहाचा हात त्याच्यावर पडलाय, मला ते शिल्प पिक्चरमधल्या सगळ्या मारामारीपेक्षा भारी वाटतं.

पुढचा भाग परशुरामाचा, २०२७ चा जाहीर केलाय. परशुरामाची आई म्हणजे आपली माहूरची रेणुका. तिचा आवाज मराठीत पाहिजे हे निर्मात्यांना आत्ताच कळवा, पिक्चर बनतोय तोपर्यंत, ग्रुपवरच्या प्रत्येकानं.