सामान राखणाऱ्याचं कोकण

मालवणात घर असलेल्या माणसाला नातेवाइकांची ददात नसते. बारशा-मुंजीला ज्यांना आमचा पत्ता सापडत नाही, त्यांना मे महिन्यात तो बरोबर सापडतो. फोनवर आधी माझ्या तब्येतीची चौकशी होते, मग समुद्राच्या. समुद्राबद्दलचं उत्तर जरा जास्त लक्ष देऊन ऐकलं जातं.

यंदा साडू आले. पुण्याहून, सहकुटुंब. म्हणजे साडू, मेव्हणी, कॉलेजात जाणारी थोरली, पहिलीतला धाकटा आणि साडूंच्या मातोश्री. मातोश्री गाडीतून उतरल्या तेव्हा ओळख त्यांच्या गुडघ्यांचीच आधी करून देण्यात आली. थोरलीला ‘ॲडव्हेंचर’ हवं होतं, धाकट्याला वाळू आणि आइस्क्रीम, मेव्हणीला शांतता, मातोश्रींना देऊळ आणि बसायला खुर्ची, आणि साडूंना दिलेल्या प्रत्येक रुपयाची वसुली. जाहिरातीत या सगळ्याला मिळून ‘फॅमिली डेस्टिनेशन’ म्हणतात. सगळे वयोगट एका होडीत बसले की पुढे काय होतं, ते जाहिरातीत नसतं. ते मला विचारा.

साडू येतानाच दमले होते. त्यांचा मूळ बेत असा की पहाटे पुणं सोडायचं, सकाळी मुरुड-जंजिरा, जेवायला गणपतीपुळे आणि सूर्यास्ताला तारकर्ली. “सगळं किनाऱ्यालाच तर आहे!” घाटावरच्या माणसाला कोकण ही एक सरळ गल्ली वाटते, अलिबागला शिरलं की वेंगुर्ल्याला बाहेर. पण आमचा किनारा खाड्यांनी जागोजागी कातरलेला. पलीकडचं गाव समोर दिसतं, तिथली बाई अंगणात वाळवण घालतेय तेही दिसतं, पण मधे खाडी. गाडी फेरीबोटीत घाला, नाहीतर पूल शोधत आत जा. मुरुडहून गणपतीपुळ्याला किनारा धरून यायचं तर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी एकामागून एक लागतात. दुसऱ्या रांगेत धाकट्याने उलटी केली, तिसऱ्या रांगेत मेव्हणीने अबोला धरला. सूर्यास्त त्यांनी दाभोळच्या धक्क्यावर पाहिला. तोही, साडूंच्या मते, फुकट होता म्हणून बरा.

दुसऱ्या दिवशी अर्थातच सिंधुदुर्ग. “अहो, तुम्ही आहातच ना,” असं म्हणून हिने मला त्यांच्याबरोबर धाडलं आणि स्वतः वाटण वाटायला घरी राहिली. पाहुणे किल्ल्यावर असताना आमच्या घरात जी शांतता असते ती फक्त हिच्या वाट्याला येते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

जेटीवरचा होडीवाला मला बघून हसला. “काकानू, परत इलात? ह्या खेपेक कोण, मुंबयकार काय पुण्याचे?”

“पुण्याचे.”

“मगे प्रश्न खूप इचारतले.”

होडी सुटायच्या आत तीन विचारून झाले होते. होडी सोडते आणि तासाभराने परत न्यायला येते. साडूंनी लगेच हिशेब मांडला. तट सुमारे तीन किलोमीटर, वेळ एक तास, मातोश्रींचे गुडघे वजा. म्हणजे मातोश्रींना कोणाजवळ तरी बसवायला हवं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

किल्ला जवळ आला तसे साडू उभे राहून म्हणाले, “दरवाजा कुठाय?” दरवाजा तटाच्या वळणात असा लपवलाय की समुद्रावरून येणाऱ्याला तो दिसूच नये. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पायाभरणी झाली, पायात शिसं ओतलं, तीन वर्षांत किल्ला उभा राहिला, आणि सगळी योजना परक्या माणसाने भिंतीसमोर गोंधळून उभं राहावं अशी. साडेतीनशे वर्षं झाली तरी काम चोख चाललंय, एवढंच साडूंकडे बघून वाटलं.

आत गेल्यावर धाकट्याला लागली. नेमकी तेव्हाच लागते. गाइड उत्साहाने म्हणाला, “चला, दाखवतो, महाराजांच्या काळातले शौचकूप तटातच बांधलेले आहेत.” मेव्हणीचा चेहरा उजळला. सगळी वरात तटावर चढली. दगडी बांधकाम, पाण्याचा उतार, आरमारी शिबंदीच्या सोयीचा विचार, सगळं गाइडने तपशीलवार सांगितलं. ते बघायचे असतात, वापरायचे नसतात, हे शेवटी सांगितलं. तोवर धाकट्याने आपल्यापुरता प्रश्न सोडवला होता आणि त्याच्या चड्डीचा नवा जोड माझ्या खांद्यावरच्या पिशवीत तळाशी होता.

शिवराजेश्वराच्या देवळापाशी मंडळी अनवाणी आत गेली आणि मी माझ्या कामाला लागलो. चपला कोणी नेत नाही. पण मे महिन्यात चिऱ्यावर उन्हात राहिल्या तर परत पायात घालता येत नाहीत. सावली सरकते, तशी चपलांची ओळ सरकवावी लागते. आधी मातोश्रींच्या, कारण त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मऊ तळाच्या, लवकर तापतात. मग मेव्हणीच्या, टिकल्या लावलेल्या. साडूंचे बूट शेवटी. त्यांच्या आत मोजे, मोज्यात गाडीची किल्ली, आणि किल्ली तिथे आहे हे मला दोनदा सांगून झालेलं. आत राजाराम महाराजांनी बांधवलेलं मंदिर, दाढी नसलेली महाराजांची मूर्ती. मला ती आता आठवूनच पाहावी लागते. बाहेर आल्यावर मातोश्रींना तहान लागली. दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी भर समुद्रात असलेल्या या किल्ल्यावर माझ्या खांद्याला पुण्याहून आणलेल्या बाटल्या लटकत होत्या.

स्कूबाचा बेत थोरलीचा. पण थोरली जाणार म्हटल्यावर साडूही जाणार, कारण “दोघांचं घेतलं तर कमी करतात.” किल्ल्याच्या परिसरातला हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खाली प्रवाळ, रंगीत मासे. आमच्या शेजारचं पोरगं हातात हात धरून माणसं खाली नेतं. त्याने आधी होडीतच सगळं शिकवलं. नाकाने श्वास घ्यायचा नाही, तोंडाने घ्यायचा. कान दडले तर नाक चिमटून फुंकायचं. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे मला वर न्या.

साडूंनी मान डोलावली. त्यांचं सगळं लक्ष तेव्हा सूटकडे होतं. तो रबरी सूट आधीच्या माणसाने नुकताच काढलेला, ओलागार. गुडघ्यापर्यंत साडू स्वतः गेले. कमरेपर्यंत पोराने नेलं. पुढे मी आणि होडीवाला दोन्ही बाजूंनी लागलो.

“पोट आत घेवा, काका.”

“घेतलंय.”

“आजून.”

“एवढंच जातं.”

पाठीची चेन लागली तेव्हा होडीतल्या अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. साडू पाण्यात गेले आणि जरा वेळात वर आले. परत गेले, परत आले. पोरगं हैराण. झालं असं की खाली पट्ट्यापट्ट्यांचे मासे अंगाशी आले, साडू खूश झाले, आणि पुण्यात सोसायटीच्या ग्रुपवर करतात तसा त्यांनी अंगठा दाखवला. पोराने शिकवल्याप्रमाणे त्यांना वर आणलं. खाली नेलं, साडू आणखी खूश, आणखी अंगठा. पूर्ण पैसे भरून माणसाने इतका कमी वेळ पाण्याखाली काढलेला माझ्या पाहण्यात नाही. मी ते वरून पाहिलं, मांडीवर दोन मोबाइल, एक चष्मा, दोन पाकिटं आणि थोरलीची कानातली घेऊन. कानातली चिमटीतच धरावी लागतात, होडी हलते. नंतर व्हिडिओ मिळाला. त्यात बाप आणि लेक वेगवेगळे दिसतात, मासा मात्र दोघांच्या व्हिडिओत तोच, कपाळाला लागून. गेल्या वर्षीच्या मुंबईकरांच्या व्हिडिओतही तो होता, अशी मला दाट शंका आहे.

जेवणाचं विचारू नका. सोमवारी मातोश्री खात नाहीत, मंगळवारी संकष्टी निघाली, गुरुवार मेव्हणीचा, शनिवार साडूंचा. बुधवारी सगळ्यांना चालतं म्हणून हिने सुरमई आणली, तर धाकट्याने मॅगी मागितली आणि थोरली आठवड्यापूर्वी शाकाहारी झाल्याचं तेव्हा कळलं. ती सुरमई मी आणि साडूंनी संपवली. आमचं पटतं ते तेवढ्यापुरतं.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथल्या वाळूच्या बेटावर पाण्यातच टेबलं मांडलेली असतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून माणसं भजी खातात. भरती चढू लागली की टपरीवाले आवराआवर करतात. तिथे बनाना बोट म्हणजे एका लांबलचक पिवळ्या फुग्यावर ओळीने बसायचं, वेगाने ओढून नेतात आणि शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात. पाडायचे पैसे त्यातच धरलेले असतात, ही बाब साडूंनी आधी विचारून घेतली.

अशा वेळी मला खरी सोबत मिळते ती तारकर्लीच्या सुरूच्या बनात. प्रत्येक कुटुंबाने मागे ठेवलेला एक माणूस तिथे सावलीत बसलेला असतो, भोवती बॅगांचं रिंगण. एकमेकांची नावं विचारायची पद्धत नाही. विचारायचं ते “किती नग?” त्या दिवशी शेजारी एक कोल्हापूरकर होते. म्हणाले, “बॅगा चार, चपला सात जोड, आन एक कवळी.” मी चमकलो. त्यांनी रुमालाची पुरचुंडी हळूच उघडून दाखवली. “आमचं म्हातारं गेलंय त्या केळ्यावर. दात पडतील म्हणून काढून देऊन गेलंय.” मातोश्रींनी लगेच म्हाताऱ्याचं वय विचारलं, गुडघे विचारले, आणि मग दूर पाण्याकडे अशा नजरेने बघत बसल्या की साडूंना आत्ता सावध करावं का, असं मला वाटून गेलं.

पैसे न देता मजा आली ती फक्त रापणीला. किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घालून जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांना माणसांनी दोरी धरून ते किनाऱ्यावर खेचायचं. बघ्यांनी हात लावला तर कोणी नको म्हणत नाही. आधी धाकटा धावला, मग थोरली, मोबाइल खिशात घालून. मग मेव्हणी साडी खोचून, साडू, शेवटी “मला नुसतं धरू द्या” म्हणत मातोश्री. दोरी ओली, खरखरीत, तळहाताला मीठ झोंबतं, आणि मागचा माणूस “हैस्सा” म्हणाला की पाय वाळूत घोट्यापर्यंत रुततात. मातोश्री गुडघ्यांसकट तिरक्या होऊन ओढत होत्या. मलाही कोणीतरी दोरीला जुंपलं. जाळं आलं, चांदीसारखी तारली उडाली, दोन बांगडे धाकट्याच्या ओंजळीत पडले आणि तो किंचाळला.

आणि मग साडू म्हणाले, “सामानाकडे कोण आहे?”

कोणी नव्हतं. एक कुत्री साडूंचा डावा बूट तोंडात धरून सुरूच्या बनाकडे चालली होती, निवांत, ओळखीच्या वाटेने. सगळं कुटुंब तिच्यामागे धावलं. बूट सापडला. त्यात तिची तीन पिल्लं आळीपाळीने डोकं घालून बघत होती. मोजा मात्र नव्हता, आणि किल्ली मोज्यात होती. वाळू चाळून किल्ली मिळेपर्यंत अंधार पडला. चाळणं, गोंधळ, ओरडा, सगळं झाल्यावर साडू माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही होतात ना तिथे?” रापण ओढणारा म्हातारा मधे पडला, “त्येंका मीच बोलवलंय.” साडू गप्प बसले, पण परतीच्या वाटेवर ते मला काही बोलले नाहीत, फक्त बूट हातात धरून बसले.

रविवारी मंडळी निघाली. आंब्याची पेटी, खाजं, कोकमं गाडीत चढली. गाडी सुरू करता करता साडू खाली काच करून म्हणाले, “आता पावसाळाभर बोटिंग बंद, नाही का? मग पावसात आंबोलीच करू. धबधब्याखाली सगळ्यांनी भिजायचं.”

“या ना,” ही म्हणाली. “हे आहेतच.”

आंबोलीचा पाऊस मला ठाऊक आहे. तिथे उभ्या माणसाची सावली दिसत नाही, मग चपलांना कुठली मिळणार. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी दुकानातली सर्वांत मोठी छत्री मागितली.

“काकानू, एका माणसाक ही मोठी जातली,” दुकानदार म्हणाला.

माणसासाठी नको, सामानासाठी हवी आहे, असं सांगितल्यावर त्याने आतून आणखी एक मोठी काढली.